राजीनामा या शब्दाचा अर्थ

संपादकांचं पत्र आलं, "दिवाळी अंकासाठी नोकरीतले चार गमतीचे अनुभव लिहा, गुरुजी." गमतीचे आहेत, ते लिहितोच. पण एक अनुभव पंचवीसएक वर्षं मी कुणाला सांगितला नाही. तो टाळून बाकीचे लिहायला बसलो की हात थांबतो. शिवाय मला तिघाचौघांचे आभार मानायचे आहेत, आणि कशाबद्दल हे सांगितल्याशिवाय ते मानता येत नाहीत. त्या वर्गातली मुलं आता संसारी झाली आहेत. त्यांतलं कुणी हा अंक वाचत असेल तर हे त्यांच्यासाठी आहे.

मी मूळचा राणीसावरगावचा. घर लिंगायत, वडिलांचं किराणा-भुसाराचं दुकान. दुकानात माझं चित्त लागेना म्हणून मास्तर झालो. निजामी अमलात जिंतूर तालुक्यात, बोरीपासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावी होतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. शाळा वस्तानिया, म्हणजे साधारण आजची पाचवी ते सातवी. खालच्या वर्गांत मराठी चालायची. वस्तानियात पाऊल टाकलं की हिशेब, भूगोल, तवारीख म्हणजे इतिहास, सगळं उर्दूत. घरी मराठी बोलणारं पोरगं सकाळी शाळेचा उंबरा ओलांडून दुसऱ्या भाषेत जायचं आणि दुपारी भूक लागली की परत यायचं.

मला ठेवलं होतं मराठीसाठी, तेही हंगामी. उर्दू शिकवणारे मौलवीसाहेब परभणीला बदलून गेले आणि त्यांच्या जागेवर कुणी आलंच नाही. आमचे हेडमास्तर हैदराबादचे, उंच, किडकिडीत, शेरवानीची सगळी बटणं लावून बसणारे. त्यांना सगळे सदरसाहेब म्हणत. ते मला म्हणाले, "मास्टर साब, इम्तिहान पास करने जितनी उर्दू तो आप के पास है. उतनी ही बच्चों को दे दीजिए."

त्यांनी ती नेमकी जोखली होती. माझ्याकडं तेवढीच होती.

सुट्टी शुक्रवारची असायची. त्यामुळं गुरुवारी शाळा सुटताना आठवड्याचा घरचा अभ्यास द्यायचा आणि शनिवारी सकाळी तपासायचा. त्याचे तीन भाग. एक, धडा घरी मोठ्यानं वाचायचा. दोन, दहा शब्दांचे माने, म्हणजे अर्थ, लिहून वाक्यं करायची. तीन, व्याकरण. उर्दूत व्याकरणाला कवायद म्हणतात, आणि यावरून पहिल्याच महिन्यात एक पालक माझ्यावर चालून आला. "मास्तर, तुमी घरी कवायत दिली म्हनं. पोरगं तर सकाळधरनं जागचं हलंना गेलंय. कागदात तोंड घालून बसलंय. बसून करायची कवायत कोनती असती, मलाबी दावा की."

वाचन मोठ्या माणसानं ऐकायचं आणि वहीवर सही नाहीतर अंगठा द्यायचा, असा नियम. आता ऐकणाऱ्याला उर्दूचं अक्षर कळत नाही, तो काय ऐकणार? म्हणून मी एक युक्ती काढली. पोरगं वाचताना जिथं अडखळेल तिथं घरच्यांनी ज्वारीचा एक दाणा बाजूला काढायचा आणि ते दाणे शनिवारी फडक्यात बांधून पाठवायचे. अडखळणं कळायला भाषा यावी लागत नाही. एक बाई मला म्हणाली, "काय वाचतंय ते न्हाई कळत मास्तर, पर कुठं गाडी रुतली ते कळतंय." तिच्या मुलाचं वाचन त्या वर्षी सगळ्यात सुधारलं. एकानं ज्वारीऐवजी शेंगदाणे ठरवून घेतले होते. त्याचं फडकं दर शनिवारी रिकामं. विचारलं तर म्हणे, "अडखळलोच न्हाई जी."

शब्दांची वेगळीच तऱ्हा. "गिलास ख़ाली है" याचं मराठी एकानं लिहिलं, "पेला खाली आहे." आणि वाक्य अपुरं वाटलं म्हणून स्वतःहून जोडलं, "तो वर ठेवा." लिंगाचे तक्ते दिले तेव्हा उर्दूत दोनच लिंगं, म्हणून दोनच रकाने. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मास्तर, बाप इकडं बसविला, माय तिकडं बसविली. ते पोरगं कुठं बसवू?" शनिवारी त्याच्या वहीत तिसरा रकाना आखलेला होता. मी तो खोडायला सांगितला. आज वाटतं, निदान शाबासकी देऊन खोडायला सांगायला हवा होता.

हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण पुढचं सगळं यातच आहे. शब्द दोन्ही भाषांत तोच, उच्चार तोच आणि अर्थ निराळा. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारून घेतो, ओळखीच्या शब्दाचा विचारत नाही. मुलं जशी फसायची तसा मीही फसणार होतो. मुलांच्या वह्या तपासायला मी होतो. मला तपासायला कुणी नव्हतं.

सहावीत एक मुलगा होता. त्याला मी इथं माणिक म्हणतो. अर्ध्या कोसावरच्या वाडीवरून चालत यायचा. कमी बोलायचा आणि अक्षर असं काढायचा की सदरसाहेबांनी त्याचं पान दुसऱ्या वर्गांत फिरवलं होतं. त्याचे वडील सोपान आणि चुलते ज्ञानोबा, दोघे भाऊ वाटण्या होऊन वेगळे झाले होते. रान वाटलं गेलं, विहीर मात्र एकच राहिली. मोट कुणी कधी हाकायची यावरून वर्षभर कुरबूर चालली होती आणि शेवटी गोष्ट जिंतूरला तहसीलदारांपुढं गेली. पण दोघांनाही ती मिटवायची होती, कारण महिन्याभरात ज्ञानोबाच्या मुलीचं लग्न होतं. थोरला चुलता मांडवात नाही, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. चार दिवस याची मोट, चार दिवस त्याची, असं ठरलं. कागद तयार झाला. पुढच्या पेशीला, म्हणजे तारखेला, दोघांनी अंगठे लावायचे, की झालं.

नेमक्या त्याच आठवड्यात सदरसाहेब मला म्हणाले होते की मुलांना धड्यातल्याबरोबर कचेरीतलेही शब्द द्यावेत, त्यांच्या घरच्यांना उपयोग होतो. मी दहा शब्द दिले. अर्जी, गवाह, पेशी, आणि त्यांतच राज़ीनामा.

माणिकनं राज़ीनामा या शब्दापुढं लिहिलं होतं, "सुलह का काग़ज़." म्हणजे समेटाचा कागद. वडिलांबरोबर तो जिंतूरला गेला होता आणि तिथं झाडाखाली बसून अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनविसाला त्यानं विचारून घेतलं होतं. अर्थ अगदी बरोबर होता. उर्दूत राज़ीनामा म्हणजे दोन्ही बाजूंच्या राजीखुशीचा कागद. नोकरी सोडण्याला ते इस्तीफा म्हणतात. पण आपल्याकडं राजीनामा म्हणजे सोडून देणं. नोकरीचा राजीनामा, रानाचा राजीनामा. मला तो शब्द इतका ओळखीचा होता की मी कोशाकडं पाहिलंसुद्धा नाही. लाल शाईनं माणिकचा अर्थ खोडला आणि वर लिहिलं, "नौकरी या ज़मीन छोड़ देने का काग़ज़." वर त्याला वर्गात म्हणालो, "कोण सांगतं रे तुला असलं? वाटेल ते ऐकून लिहीत जाऊ नको."

तो म्हणाला, "बरं मास्तर."

त्यानं अर्जनविसाचं सोडलं आणि माझं धरलं. मुलानं मास्तरचं खरं मानावं म्हणून तर शाळा असते.

सोमवारी पेशी होती. सोपान माणिकला बरोबर घेऊन गेला, कारण घरात अक्षर येणारा तो एकटा. पेशकारानं, म्हणजे तहसीलदारांच्या कारकुनानं, कागद पुढं केला. सोपाननं विचारलं, "काय लिवलंय रे वर?" माणिकनं मथळा वाचला आणि बापाचा हात धरला. "बा, अंगठा लावू नको. रान सोडल्याचा कागद हाय ह्यो."

सोपान साधा माणूस, पण जमिनीचं नाव निघालं की साधेपणा राहत नाही. तो भर कचेरीत भावाकडं वळून म्हणाला, "ज्ञान्या, इहिरीच्या नावाखाली माझं रान घ्यायलास व्हय?" ज्ञानोबाला काही कळेना. मग कळलं ते एवढंच की थोरल्या भावानं त्याला तहसीलदारासमोर चोर ठरवलं. पेशकारानं अर्थ समजावून सांगितला, पण तोवर ज्ञानोबा निघून गेला होता. जाताना म्हणाला, "लगनाला येऊ नको, दादा. आलास तर मांडवातून उठवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गावभर झालं होतं. सदरसाहेब वर्गात आले. मी खुर्चीजवळ उभा. त्यांनी माणिकला उभं केलं आणि शांतपणे विचारलं, "बेटा, राज़ीनामा तो सुलह का काग़ज़ होता है. ये उल्टे माने तुम को किस ने बताए?"

त्या क्षणी मला अर्थ कळला. माणिकनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं.

हंगामी मास्तरची जागा म्हणजे काय ते आता सांगून कळणार नाही. महिन्याभरात मोहतमिमसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे अधिकारी, यायचे होते. त्यांचा शेरा बरा पडला तर मी मुस्तक़िल, म्हणजे कायम, होणार होतो, नाहीतर परत वडिलांच्या दुकानात. ही सबब म्हणून सांगत नाही. खिडकीकडं पाहताना डोक्यात काय होतं, ते सांगतोय.

माणिक म्हणाला, "कुनी न्हाई साहेब. मीच लिवलं मनानं."

वर्ग हसला. मधल्या सुट्टीत एकानं नाव ठेवलं, राजीनाम्या. संध्याकाळपर्यंत सगळी शाळा त्याला त्याच नावानं हाका मारत होती, आणि मी ते ऐकत होतो.

शाळा सुटल्यावर तो माझ्यासाठी थांबला होता. म्हणाला, "मास्तर, बाला मी खरं सांगितलं. बानं काकाला सांगितलं, पर त्याला पटंना. बहाना करायलास म्हनतोय. तुमी सांगितलं तर पटंल. येता का?"

मी म्हणालो, "मोहतमिमसाहेब येऊन जाऊ दे. मग येतो."

"लगीन त्याच्या आदी हाय."

"बघू," मी म्हणालो.

त्यानं परत विचारलं नाही. त्यानंतरही दर शनिवारी त्याची वही वेळेवर आली, अक्षर तसंच. सोपाननंही कुणापाशी माझं नाव काढलं नाही. पोरानंच त्याला गळ घातली होती, की मास्तरची नोकरी जाईल.

लग्नाचं बोलावणं मलाही होतं, आणि मी गेलो. न गेलो तर कुणाला शंका येईल, असा हिशेब होता. मुहूर्त थोडा लांबवला. का लांबवला ते कुणी बोललं नाही, पण बायका सारख्या सोपानच्या घराच्या वाटेकडं पाहत होत्या. शेवटी भटजी म्हणाले, आता थांबता यायचं नाही. मी अक्षता टाकल्या. मांडवापासून हाकेच्या अंतरावर सोपान आपल्या रानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसला होता. त्याला मंगलाष्टकं ऐकू जात होती. मी पंगतीत जेवलो. बुंदी होती.

पंधरवड्यानं मोहतमिमसाहेब आले. आठवड्याच्या अभ्यासाच्या वह्या त्यांना फार आवडल्या. ज्वारीच्या दाण्यांची युक्ती त्यांनी आपल्या टिपणवहीत उतरून घेतली. माझं काम झालं. वह्या परत लावताना माझ्या ध्यानात आलं की माणिकची वही त्या गठ्ठ्यात नाही.

मोहतमिमसाहेबांची गाडी गेल्यावर सदरसाहेबांनी टेबलाचा खण उघडला. वही तिथं होती. आदल्या संध्याकाळी वह्या लावून ठेवताना त्यांनी ते पान पाहिलं होतं. काळं अक्षर मुलाचं, लाल अक्षर माझं, वाचायला काही अवघड नव्हतं. ती वही पुढं गेली असती तर माझी जागा गेली असती.

"मुबारक हो," ते म्हणाले. "आप मुस्तक़िल हो जाएँगे. अब ये ले कर जाइए."

"कहाँ?" मी विचारलं.

"जहाँ उसी दिन जाना था."

पुढं निजामी गेली, शाळा मराठी झाली, आणि त्या काळाबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलं. त्यातलं खूपसं खरं आहे. मीही त्यातलं काही डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या माणसानं मला वाचवलं आणि त्याच हातानं मला लाज वाटायला लावली, हेही खरं आहे. मी त्यांना नीट शुक्रियासुद्धा म्हणालो नाही. त्यांची बदली झाली आणि पुढं पत्ता लागला नाही.

मी तसाच वाडीवर गेलो. ज्ञानोबा मोट हाकत होता. मी वही उघडून त्याच्यापुढं धरली. त्याला वाचता येत नव्हतं.

"हे काळं कुनाचं?" त्यानं विचारलं.

"माणिकचं. समेटाचा कागद, असं लिहिलंय त्यानं."

"आन् लाल?"

"माझं. मी ते खोडून चुकीचं लिहिलं. तुझ्या भावानं तुला चोर म्हटलं नाही. माझं चुकीचं त्यांनी खरं मानलं."

त्यानं बैल थांबवले. "तुमाला कव्हा कळलं, मास्तर?"

"पेशीच्या दुसऱ्या दिवशी."

त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "तुमी तर जेवून गेलते की ओ लगनात."

चार शिव्या दिल्या असत्या तर माझं ओझं तिथंच उतरलं असतं. त्यानं कासरा गड्याच्या हातात दिला आणि ओल्या पायांनी धुरा ओलांडून भावाच्या रानात गेला. मी मागं मागं. सोपान तुरीच्या काड्या बांधत होता.

"दादा," ज्ञानोबा म्हणाला, "तुझं पोरगं शाना हाय. त्यानं बरुबर लिवलं होतं."

सोपान म्हणाला, "मला ठाव हाय." आणि काड्या बांधायचं थांबवून धोतरानं तोंड पुसत राहिला.

पुढच्या पेशीला दोघांनी अंगठे लावले. मोटेच्या पाळ्या ठरल्या त्या ठरल्या, परत कधी भांडण झालं नाही. सोपान साडीचोळी घेऊन पुतणीच्या सासरी जाऊन आला. पण अक्षता परत टाकता येत नाहीत. ती मुलगी पुढं माहेरपणाला आली की मला वाटेत भेटायची आणि मास्तर म्हणून वाकून नमस्कार करायची. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

कारण ते दोघे भाऊ कुणाशी बोललेच नाहीत. ज्ञानोबानं भावाला आणि माणिकला एवढंच सांगितलं, "मास्तरला काय म्हनू नका. त्याला लेकरं शिकवायची हायेत." या दोघांनी माझी लाज राखली म्हणून मी पुढं मास्तर राहिलो. त्यानंतर मी कोश बघितल्याशिवाय एकही शब्द खोडला नाही, आणि पुढं जे काही बरं शिकवलं ते त्यांच्या जिवावर. मात्र माझी लाज राहिली तशी माणिकची राहिली नाही. गावाला खरं कळलंच नाही, त्यामुळं नाव चिकटलं ते चिकटलं. सातवी पास झाल्यावर त्यानं शाळा सोडली आणि शेती पाहू लागला. बाजारात, पारावर, सगळीकडं तो राजीनाम्या.

मधली वर्षं मी दुसऱ्या गावांना होतो. यंदा बदली होऊन परत तिथंच आलो. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना एका मुलानं शेजारच्याकडं बोट दाखवून मला ओळख करून दिली, "गुरुजी, हे राजीनाम्याचं पोरगं हाय."

माणिकचा मुलगा खाली मान घालून बसला होता. नाव का पडलं हे त्याला ठाऊक असावं, म्हणजे आपल्या बापाला साधा एक शब्द आला नाही, एवढं.

संध्याकाळी मी वाडीवर गेलो. माणिकच्या कानावरचे केस पांढरे झालेत. मी म्हणालो, सगळं लिहून काढतो, वर्गातही सांगतो. तो हसला. "आता कशाला, गुरुजी. त्या नावानं मला तालुक्यात वळकतेत. खरं नाव सांगितलं तर कोन मानूस म्हनतेत." मग म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या. पोराचं तेवढं मिटवा."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर शब्द लिहिला. त्याचे दोन्ही अर्थ लिहिले, उर्दूतला आणि आपला. मग सांगितलं की फार वर्षांपूर्वी याच खोलीत एका मुलानं याचा बरोबर अर्थ लिहिला होता आणि मास्तरनं तो खोडला. मुलानं मास्तरचं खरं मानलं आणि घरात भांडण लागलं. विचारल्यावर मुलानं चूक आपल्या अंगावर घेतली आणि मास्तर गप्प बसला. तो मुलगा म्हणजे याचे वडील.

वर्ग वळून त्या पोराकडं बघायला लागला. त्यानं मान वर केली.

"आन् मास्तर कोन होता, गुरुजी?" कुणीतरी विचारलं.

"मी."

मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. अशा मुली आता शाळेत असतात, हे बरं आहे.

"मग तुमाला काय शिक्षा झाली, गुरुजी?"

मी खरं तेच सांगितलं.

"मला कायम केलं."